लोखंडी जहाजातून भुयारात : ‘हिट पॉइंट’ या कल्पनेच्या उगमाचा प्रकरण अभ्यास

मोबाइलवर ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ खेळणारा कोणताही मुलगा सांगू शकतो की पडद्याच्या तळाशी दिसणारी पट्टी म्हणजे आपल्या खेळाडूची ‘हेल्थ’, गोळी लागली की ती घटते, औषधपाण्याने भरते आणि संपली की खेळाडू कोसळतो. मार सोसण्याच्या या मोजक्या गुणांनाच खेळांच्या परिभाषेत ‘हिट पॉइंट’ म्हणतात. ही व्यवस्था आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणीतरी एका विशिष्ट अडचणीवरचा उपाय म्हणून खेळात आणली असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात तिच्या उगमाचे ठिकाण आणि काळ बऱ्याच नेमकेपणाने दाखवता येतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनिॲपोलिस व सेंट पॉल ही जोडशहरे, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा हे छोटे गाव आणि १९६९ ते १९७४ ही वर्षे, एवढ्या आवाक्यात हे प्रकरण घडले.

प्रस्तुत अभ्यासाचा विषय एवढाच आहे की, जहाजांच्या युद्धखेळात नुकसान मोजण्यासाठी वापरली जाणारी एक हिशेबी युक्ती एका माणसाच्या पात्राला का लावावी लागली, लावताना तिच्यातले काय गळाले आणि पुढे संगणकाने तिच्याबरोबर काय उचलले व काय मागे सोडले. एखाद्या कल्पनेचा उगम शोधताना ती प्रथम कोठे आढळते याकडे अभ्यासकांचे लक्ष जास्त जाते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, त्या कल्पनेने आपले काम कधी बदलले. हे प्रकरण त्या दृष्टीने विशेष बोलके आहे.

पूर्वपीठिका

युद्धाचा खेळ पटावर मांडण्याची युरोपीय परंपरा बुद्धिबळातून निघाली. ब्रन्सविक येथील योहान हेल्विग याने १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट अनेक पटींनी वाढवून त्यावर पायदळ, घोडदळ आणि तोफखाना मांडला. परंतु मारला गेलेला मोहरा पटावरून उठतो, हा बुद्धिबळाचा मूळ संकेत त्यातही राहिला. मोहऱ्याला अर्धे मरण नव्हते. हा संकेत खऱ्या अर्थाने मोडला तो प्रशियातील रायस्विट्झ पितापुत्रांच्या खेळाने. वडिलांनी १८१२ मध्ये राजासमोर आपला खेळ मांडला आणि तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. या नियमांत लढाई खऱ्या नकाशावर होत असे, गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरत असे, तुकडीचे नुकसान टप्प्याटप्प्याने मोजले जाई आणि या साऱ्यावर एक निष्पक्ष पंच असे. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाला देत आणि शत्रूचे जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच पंच त्यांना दाखवी.

पुढे या खेळाच्या नियमांचा पसारा एवढा वाढला, की खेळ चालवणेच अवघड झाले. तेव्हा व्हर्डी द्यु व्हर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने १८७६ मध्ये तक्ते आणि फासे बहुतांशी बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या विवेकावर खेळ सोपवण्याचा मार्ग मांडला. अमेरिकन सैन्यातील चार्ल्स टॉटन याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगॉस’ हे युद्धखेळाचे पुस्तक काढले, त्यातही पंचाला मोठा अधिकार आहे. हा तपशील येथे जपून ठेवावा लागतो, कारण या प्रकरणाचे एक टोक त्याच पुस्तकाला बांधलेले आहे.

नौदलाच्या खेळांची वाट काहीशी निराळी होती. सैनिकांची तुकडी पांगते, पळते, पुन्हा उभी राहते. जहाज मात्र एकसंध असते आणि मार खात खात तरंगत राहते. त्यामुळे जहाजाचे नुकसान मोजण्याची निकड तेथे अधिक होती. १८९८ मध्ये फ्रेड जेन याने प्रसिद्ध केलेल्या नाविक युद्धखेळात प्रत्येक जहाजाचे चित्रपत्रक असे आणि त्याचा कोणता भाग निकामी झाला, हे त्यावर खोडून दाखवले जाई. फ्लेचर प्रॅट याचा १९४० मध्ये छापलेला नाविक खेळ याहून सुटसुटीत होता. त्यात जहाजाच्या तोफा, चिलखत, वेग इत्यादींवरून त्याचे एकूण गुण काढले जात, गोळा लागला की त्यातून वजाबाकी होई आणि गुण घटत जातील तसतसा जहाजाचा वेगही कमी होई व तोफाही गप्प होत जात. नुकसान साठत जाणे आणि त्याबरोबर सामर्थ्य घटत जाणे, या दोन गोष्टी नाविक खेळात एकमेकींना जोडलेल्या होत्या. पुढे यांपैकी एकच उचलली गेली.

जोडशहरांतील मंडळी

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मिनिॲपोलिस–सेंट पॉल परिसरात ऐतिहासिक युद्धखेळ खेळणाऱ्या तरुणांचा एक गट होता. डेव्हिड वेस्ली हा त्यांतला एक. मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याच्या हाती टॉटनचे ‘स्ट्रॅटेगॉस’ लागले आणि खेळाडूने सुचवलेल्या कोणत्याही कृतीचा निवाडा पंच करू शकतो, या तत्त्वाने त्याचे लक्ष वेधून घेतले. १९६९ मध्ये त्याने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाभोवती नेपोलियनच्या काळातील एक लढाई आखली. दोन सेनापतींचे दोन खेळाडू नेमून उरलेल्या खेळाडूंना त्याने गावातील एकेका व्यक्तीची भूमिका दिली आणि प्रत्येकाला त्याचे त्याचे उद्दिष्ट दिले. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन आपसांत खलबते करू लागले, वेस्लीला एकेकाला बाजूला बोलावून निवाडे द्यावे लागले, आणि ठरलेली लढाई काही झालीच नाही. खेळ फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडूंनी मात्र असाच आणखी एक खेळ मांडण्याचा आग्रह धरला.

या खेळाडूंमध्ये डेव्ह अर्नेसन होता. तो इतिहासाचा विद्यार्थी होता, नौदलाच्या लढायांची त्याला विशेष ओढ होती आणि युक्तिबाज खेळाडू म्हणून तो गटात ओळखला जाई. १९७० च्या सुमारास वेस्ली सैन्यात रुजू झाल्यावर असे खेळ मांडण्याचे काम अर्नेसनकडे आले, आणि १९७१ मध्ये त्याने आपल्या घराच्या तळघरात ‘ब्लॅकमूर’ हा स्वतःचा खेळ सुरू केला. ब्लॅकमूर हे एका काल्पनिक मध्ययुगीन सरंजामाचे नाव होते. तेथे एक किल्ला होता आणि किल्ल्याखाली मजल्यांवर मजले असलेले भुयार होते. भुयाराचा नकाशा केवळ अर्नेसनकडे असे. खेळाडू आपण कोणीकडे वळतो ते सांगत आणि त्यांना काय दिसते ते अर्नेसन सांगे.

वेस्लीच्या खेळापेक्षा येथे एक मोठा फरक होता, आणि तोच या प्रकरणाचा कणा आहे. ब्राउनस्टाइनचा खेळ एका बैठकीत संपत असे. ब्लॅकमूर मात्र आठवड्यामागून आठवडे चालू राहिला आणि त्याच खेळाडूचे तेच पात्र पुढच्या बैठकीत पुढे जाऊ लागले. भुयारातून आणलेले धन, मिळवलेले शस्त्र, जुळलेले वैर, हे सारे त्या पात्राबरोबर पुढे येई. पूर्वीच्या युद्धखेळात शिसाची एक मूर्ती पडली तर खेळाडूचे फारसे काही जात नसे, कारण अशा मूर्ती त्याच्याकडे डझनांनी असत आणि त्यांतल्या एकीलाही नाव नसे. येथे प्रत्येकाकडे एकच मूर्ती होती.

अडचण आणि तिच्यावरचे पर्याय

ब्लॅकमूरमधील झुंजींसाठी अर्नेसनने सुरुवातीला ‘चेनमेल’ या नियमपुस्तिकेचा आधार घेतला. ती लेक जिनिव्हाचे गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी लिहून १९७१ मध्ये गाइडन गेम्सतर्फे प्रसिद्ध केली होती. मध्ययुगीन सैन्यांच्या लढाईचे नियम हा तिचा मुख्य विषय. शेवटी जादूगार, ड्रॅगन, वीर वगैरेंसाठी एक पुरवणी जोडलेली होती. मोठ्या लढाईत तिच्यातील एक मूर्ती वीस माणसांच्या जागी असे, आणि घाव यशस्वी ठरला की मूर्ती उचलली जाई. पुरवणीतल्या ‘हिरो’ची लढण्याची ताकद चार माणसांइतकी आणि ‘सुपरहिरो’ची आठांइतकी धरलेली होती.

‘हिरो’ला मारण्याची अट येथे बारकाईने पाहण्याजोगी आहे. सामान्य सैनिकांकडून त्याला मरण यायचे, तर एकाच वेळी चार यशस्वी घाव बसावे लागत. तीन बसले, तर त्याला काहीच होत नसे, आणि पुढच्या फेरीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई. म्हणजे एका व्यक्तीत चार जणांचा जीव असू शकतो, हा विचार चेनमेलमध्ये आलेला होता. परंतु झालेला घाव लक्षात ठेवण्याची सोय तेथे नव्हती. ड्रॅगनसारख्या प्राण्याशी झुंज होई, तेव्हा दोन फाशांच्या एकाच फेकीत जगणे-मरणे निकालात निघे.

काही आठवडे जपलेले पात्र असे एका फेकीत जाऊ लागल्यावर खेळाडू नाराज झाले. अर्नेसनने पुढे मुलाखतींत हे स्वतः सांगितले आहे: आपण राक्षसाला एका घावात मारले तर त्यांची हरकत नव्हती, पण राक्षसाने आपल्याला एका घावात मारू नये, असे त्यांना वाटे.

या अडचणीतून सुटण्याचे इतरही मार्ग होते. पंच या नात्याने अर्नेसनला प्रत्येक मरणाच्या वेळी दया दाखवता आली असती. पण पंच वाटेल तेव्हा वाचवतो हे एकदा कळले, की भुयारातल्या भीतीत काही राम राहिला नसता. घाव बसण्याची शक्यताच कमी करता आली असती. त्याने झुंजी लांबल्या असत्या, पण शेवटचा घाव तितकाच अनपेक्षित राहिला असता. मेलेल्या खेळाडूला लगेच नवे पात्र देणे हा तिसरा मार्ग होता आणि तो वापरलाही जाई. मात्र त्यामुळे त्या पात्राने आठवड्यांत कमावलेले काहीच परत येत नसे. खेळाडूला हवे होते ते वेगळेच. मरण शक्य असावे, पण ते येताना दिसावे, म्हणजे पळावे की लढावे याचा विचार करायला वाव राहावा.

अर्नेसनकडे याचे उत्तर आधीपासून होते, पण ते दुसऱ्या कप्प्यात होते. अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी चिलखती जहाजांच्या लढाईसाठी त्याने पूर्वी नियम तयार केले होते, आणि त्यांतूनच चिलखताची श्रेणी व नुकसान सोसण्याचे गुण आपण घेतले, असे तो सांगत असे. हे कथन उशिराचे आणि त्याचे स्वतःचे असले, तरी मला ते विश्वसनीय वाटते, कारण त्या जहाजांचा इतिहासच अशा नियमाची मागणी करतो. ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ ही दोन चिलखती जहाजे काही तास एकमेकांवर जवळून तोफा डागत राहिली आणि कोणीही कोणाला बुडवू शकले नाही. अशी झुंज पटावर मांडायची तर ‘लागला की बुडाला’ हा नियम निरुपयोगी ठरतो. चिलखत किती जाड आणि त्याआतले जहाज किती मार सोसू शकते, असे दोन स्वतंत्र आकडे लागतात. हेच दोन आकडे अर्नेसनने भुयारात उतरलेल्या माणसाला लावले.

या स्थलांतरात एक गोष्ट वाटेत गळाली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. नाविक खेळात गुण घटले की वेग आणि मारा घटतो. ब्लॅकमूरमधून निघालेल्या नियमांत असे काही नाही. ज्याचे सारे हिट पॉइंट शाबूत आहेत तो आणि ज्याचा एकच उरला आहे तो, दोघेही सारख्याच जोमाने तलवार चालवतात. वास्तवाच्या दृष्टीने हे उघड खोटे आहे. खेळाच्या दृष्टीने मात्र ते अत्यंत योग्य आहे, कारण ज्याच्यावर पहिला घाव बसला तो दुबळा होऊन आणखी घाव खात गेला असता, तर निकाल पहिल्याच फेरीत लागल्यासारखा झाला असता आणि पुढचा सगळा वेळ खेळाडूला केवळ आपली अधोगती पाहावी लागली असती. हा भाग गाळण्याचा निर्णय कोणी विचारपूर्वक घेतला की हिशेब सोपा ठेवण्याच्या ओघात तो आपोआप झाला, याने फारसा फरक पडत नाही. त्या क्षणी हा आकडा नुकसानीची नोंद राहिला नाही. खेळाडूला जोखीम मोजण्यासाठी मिळालेली ती शिल्लक झाली.

लेक जिनिव्हा : तोंडी व्यवहाराचे छापील नियम

अर्नेसन आणि गायगॅक्स यांची ओळख १९६९ मध्ये लेक जिनिव्हा येथे भरलेल्या दुसऱ्या जेन कॉन या युद्धखेळांच्या मेळाव्यात झाली होती. त्या दोघांनी माइक कारसह ‘डोन्ट गिव्ह अप द शिप’ हा शिडाच्या जहाजांचा खेळही लिहिला. म्हणजे दोघेही नाविक खेळांचे जाणकार होते. १९७२ च्या उत्तरार्धात अर्नेसन आणि त्याच्या गटातील डेव्हिड मेगॅरी हे लेक जिनिव्हाला गेले. मेगॅरीने भुयाराच्या कल्पनेवर पटावरचा एक खेळ बनवला होता, तर अर्नेसनने गायगॅक्सच्या मंडळींना ब्लॅकमूर खेळवून दाखवले. गायगॅक्सने त्याच्याकडून टिपणे मागवली, त्यांवरून पन्नास पानांचा मसुदा बनवला, आपल्या गावात तो खेळून पाहिला आणि पुढे त्याचा विस्तार केला. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्याने डॉन के याच्यासह टॅक्टिकल स्टडीज रूल्स ही कंपनी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा ब्लॅकमूरमधून निघालेला, मेजाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ तीन पातळ पुस्तिकांच्या स्वरूपात बाहेर आला. पहिली छपाई १,००० प्रतींची आणि किंमत १० डॉलर होती. मुखपृष्ठावर त्याचे वर्णन अद्भुत मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम असेच आहे.

या पुस्तिकांतील आकड्यांत जुन्या नियमांचे सांगाडे स्पष्ट दिसतात. पात्र अनुभवाने ज्या पायऱ्या चढत जाते त्यांना येथे पातळी म्हणतात; योद्ध्याच्या चौथ्या पातळीचे नाव ‘हिरो’ आणि आठव्या पातळीचे ‘सुपरहिरो’ आहे, म्हणजे चेनमेलमधले चार आणि आठ तेथे तसेच येऊन बसले आहेत. ‘हिरो’चे हिट पॉइंट चार सहापैलू फासे टाकून ठरतात आणि कोणत्याही शस्त्राने होणारे नुकसान एका सहापैलू फाशाइतके असते. एक माणूस म्हणजे साधारण एक फासा आणि एक घाव म्हणजेही एक फासा. चेनमेलमधला ‘चार माणसांइतका वीर’ असा चार फाशांचा वीर झाला आणि त्याच्यावरचे घाव आता पुढच्या फेरीतही टिकू लागले. अर्नेसनने केलेला बदल आणि गायगॅक्सची मूळ चौकट एकमेकांत इतकी नेमकी बसली आहे, की एकाचे काम दुसऱ्यापासून वेगळे काढणे कठीण व्हावे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने वेगवेगळ्या शस्त्रांना वेगवेगळे फासे दिले, तेव्हा कुठे हा समतोल ढळला.

पातळी वाढली की हिट पॉइंटही वाढतात, ही जोडणी या छापील नियमांची सर्वांत दूरगामी देणगी ठरली. जहाजाची सोसण्याची ताकद बंदरातून निघताना ठरलेली असते, लढाया जिंकल्याने ती वाढत नाही. पात्राची मात्र वाढू लागली, आणि त्यामुळे एक अवघड प्रश्नही उभा राहिला: दहाव्या पातळीच्या योद्ध्याचे शरीर पहिल्या पातळीच्या योद्ध्याहून दहापट टणक असते काय? गायगॅक्सने १९७८ मध्ये आलेल्या खेळाडूंच्या पुस्तिकेत याचे उत्तर दिले. चार दांडगे युद्धाश्व मारायला लागेल तेवढा मार एक माणूस शरीराने सोसतो हे मानणे हास्यास्पद आहे, असे तो म्हणतो; हिट पॉइंटचा मोठा भाग म्हणजे कौशल्य, नशीब आणि दैवी कृपा. हे समर्थन नंतरचे असले तरी प्रामाणिक आहे. आकडा आधी आला आणि त्याचा अर्थ चार वर्षांनी शोधला गेला, याची कबुलीच त्यात आहे असे मी मानतो.

श्रेयाचा वाद यानंतर लवकरच न्यायालयात गेला. अर्नेसनने १९७९ मध्ये कंपनीविरुद्ध दावा दाखल केला आणि १९८१ मध्ये तो तडजोडीने मिटला. उगमाच्या अभ्यासाला त्या वादाने फारसे काही मिळत नाही. खेळाच्या बैठकीत युक्ती सापडणे आणि कधीही न भेटलेल्या लोकांना खेळता येईल अशी ती लिहून काढणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. वेस्लीचे नाव मात्र या हिशेबात बरेचदा राहून जाते, याची मला खंत वाटते. एक खेळाडू म्हणजे एक व्यक्ती, हे त्याने केले नसते तर हिट पॉइंटची गरजच उत्पन्न झाली नसती.

संगणकाने काय उचलले

मेजावरच्या या खेळाचे दोन भाग होते. एक बोलणारा पंच, जो कोणत्याही कृतीचा निवाडा करू शके; दुसरा आकड्यांचा हिशेब, जो फासे आणि कागदावर चाले. संगणकावर हे दोन भाग वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि गंमत म्हणजे दोन्ही वाटा जवळजवळ एकाच वेळी सुटल्या.

इलिनॉय विद्यापीठात विकसित झालेल्या प्लेटो या शैक्षणिक संगणक-जाळ्यावर १९७५ मध्ये रस्टी रदरफर्ड याने भुयाराचा एक खेळ लिहिला. अभ्यासाच्या फायलींमध्ये लपावा म्हणून त्याचे नाव ‘पेडिट५’ असे होते, आणि चालकांच्या लक्षात आला की तो पुसला जाई. त्याच वर्षी सदर्न इलिनॉय विद्यापीठातील गॅरी व्हिसनहंट आणि रे वूड यांनी त्याच जाळ्यावर ‘डीएनडी’ हा खेळ आणला. त्यात अनेक मजल्यांच्या भुयाराच्या तळाशी एक बलाढ्य ड्रॅगन राखण करीत असे. या खेळांनी हिट पॉइंट, पातळी, अनुभवाचे गुण, खजिना असा सारा हिशेब उचलला. पंच मात्र त्यांत नव्हता. ‘मी दाराला कान लावतो’ असे म्हणण्याची सोय नव्हती. जे मोजता येत होते तेवढेच आत आले.

दुसरी वाट विल क्राउथरची. तो मॅसॅच्युसेट्समध्ये संगणक-जाळ्यांवर काम करणारा प्रोग्रामर, हौशी गुहासंशोधक आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळाडू होता. केंटकीतील मॅमथ गुहांच्या परिसरावर आधारलेला ‘अॅडव्हेंचर’ हा त्याचा खेळ १९७६ मध्ये लोकांच्या हाती आला आणि १९७७ मध्ये डॉन वूड्स याने तो वाढवला. त्यात यंत्र पंचासारखे बोलते, समोर काय दिसते ते सांगते आणि खेळाडूने टंकलेले एक-दोन शब्द समजून घेण्याचा प्रयत्न करते. त्यात हिट पॉइंट नाहीत. बुटक्याने फेकलेली सुरी लागली की खेळाडू मरतो. म्हणजे एका वाटेने पंच गेला आणि हिशेब राहिला, दुसरीने हिशेब गेला आणि पंच राहिला. शब्दांवर चालणारे साहसी खेळ आणि आकड्यांवर चालणारे रोल-प्लेइंग (भूमिका घेऊन खेळायचे) गेम, हे दोन प्रकार आपण आज स्वतंत्र मानतो; त्यांच्या फाटाफुटीचे कारण यंत्राच्या मर्यादेत आहे. एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉने सुरू केलेल्या आणि रिचर्ड बार्टलने पुढे नेलेल्या ‘मड’ने अनेक खेळाडूंना एका जगात आणून हे दोन धागे काही प्रमाणात पुन्हा जोडले.

व्यापारी यशाच्या वाटेवर हिशेबाची शाखा पुढे गेली. ‘रोग’ या १९८० च्या खेळात मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन यांनी भुयाराचा नकाशा काढण्याचे पंचाचे कामही यंत्राला दिले, त्यामुळे भुयार दर वेळी नवे निघू लागले. १९८१ मध्ये ॲपल टू संगणकावर आलेले ‘विझर्डरी’ आणि ‘अल्टिमा’ हे खेळ थेट या परंपरेतले आहेत. अल्टिमाचा कर्ता रिचर्ड गॅरियट याने शाळेत असताना लिहिलेल्या भुयारी खेळांना ‘डी अँड डी १’, ‘डी अँड डी २’ असे क्रमांक दिले होते. अल्टिमामध्ये राजाला पैसे दिले की हिट पॉइंट वाढतात. लोखंडी जहाजापासून निघालेला आकडा येथवर येताना शरीरापासून किती सुटला होता, याचे याहून उघड उदाहरण मला माहीत नाही. विझर्डरी आणि अल्टिमा यांनी प्रभावित झालेल्या युजी होरीने १९८६ मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणला आणि घरातल्या टीव्हीसमोर बसलेल्या मुलांपर्यंत ‘एचपी’ ही हिट पॉइंटची आद्याक्षरे पोहोचली. १९९३ च्या ‘डूम’मध्ये हाच आकडा टक्केवारी झाला आणि त्याच्या शेजारी एक चेहरा आला, जो आकडा घटेल तसा रक्ताळत जातो.

यंत्राला हिशेबाचे कष्ट नसतात, म्हणून नाविक खेळातले गळालेले अंग, म्हणजे नुकसानीबरोबर सामर्थ्य घटणे, संगणकावर सहज परत आणता आले असते. काही खेळांनी तसे केलेही. बहुसंख्य खेळांनी केले नाही, आणि यावरून त्या गाळणीमागचे कारण केवळ कागदावरचा हिशेब सोपा ठेवण्याचे नव्हते हे दिसते. उलट २००१ च्या ‘हेलो’मध्ये थोडा वेळ आडोशाला थांबले की कवच आपोआप भरू लागले आणि २००५ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी २’मध्ये खुद्द आरोग्यच तसे भरू लागले. अर्नेसनच्या खेळाडूंना जे हवे होते, म्हणजे मरण येताना दिसावे आणि मधल्या वेळात काही ठरवता यावे, तेच या खेळांनी काही सेकंदांच्या अवधीत बसवले.

मेजाकडे परत

हा प्रवास एकाच दिशेने झाला असे समजू नये. २००८ मध्ये आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला दिवसातून ठरावीक वेळा स्वतःचे हिट पॉइंट भरून घेण्याची सोय दिली गेली आणि पात्रांच्या कामांची वाटणी स्पष्ट नावांनी केली गेली. ही मांडणी ऑनलाइन खेळांसारखी आहे, अशी तक्रार अनेक जुन्या खेळाडूंनी केली. त्या तक्रारीच्या मुळाशी मला तीच जुनी फाटाफूट दिसते: हिशेबाने इतकी जागा घेतली, की पंचाला बोलायला कमी उरले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने त्या मांडणीतले बरेच काही मागे घेतले, पण विश्रांतीत सावरण्याची सोय ठेवली. तासाभराच्या विश्रांतीत खेळाडू आपल्या पात्राचे ‘हिट डाइस’, म्हणजे हिट पॉइंट ठरवणारे फासे, खर्च करतो आणि फासा जे दाखवेल तेवढे हिट पॉइंट परत मिळवतो. १९७४ च्या पुस्तिकांत हेच ‘हिट डाइस’ चेनमेलमधल्या ‘चार माणसांइतक्या’ वीराचे माप होते आणि पात्र किती मार सोसेल ते त्यांवरून एकदाच ठरे. आता तेच फासे जखमा भरून काढण्यासाठी दिवसभर जपून वापरायचे असतात.